आमच्या घराण्याची पड

चिन्मय, रेवा,

तुम्हा दोघांना लवकरच मुंबईहून एका डॉक्टरांचं पत्र येईल. सोबत सहा पानांचं संमतिपत्रक असेल, इंग्रजीत. मी ते दोनदा वाचलं आहे आणि चौथ्या पानावर एक वाक्य अर्धवट सुटलंय तेही त्यांना कळवलं आहे. आमच्या घराण्याच्या रक्तावर संशोधन चाललं आहे, त्यात तुम्ही भाग घ्याल का, एवढंच ते पत्र विचारेल. तुम्ही आईला फोन कराल, आई म्हणेल आजीला विचार, आणि फोनवर मला हे धड सांगता येणार नाही. पत्रकात 'कौटुंबिक इतिहास' या सदराखाली दोन ओळी सोडल्या आहेत. माझं दोन ओळींत भागत नाही, म्हणून हे.

आमचं माहेरचं घर कापडे गावाच्या वर, वाडीतलं शेवटचं. मागे डोंगर, पुढे भाताची खाचरं. त्या घरातली काही माणसं पडायची. अचानक आवाज झाला की माझे वडील, माझी थोरली आत्या आणि मी, असतो तिथे ताठ होऊन ओंडक्यासारखे आडवे. शुद्ध जात नाही. सगळं दिसतं, ऐकू येतं, फक्त हात पुढे करता येत नाहीत. दोन-चार श्वासांत अंग सैल होतं, मग माणूस उठतो, धूळ झटकतो आणि राहिलेलं वाक्य पुरं करतो. याला आम्ही पड म्हणायचो. कुणाला सर्दी होते, आम्हाला पड यायची.

या पडीभोवती सगळं घर बेतलेलं होतं. खाकरल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही. मांजराच्या गळ्यात घुंगरू. डबे आणि झाकणं ठेवायची ती गोणपाटावर. आई फोडणी देण्याआधी मोठ्याने म्हणायची, "घालत्ये हां," मग घराच्या चार कोपऱ्यांतून "घाल" असं उत्तर यायचं आणि त्यानंतरच मोहरी तेलात पडायची. कोणी उत्तर दिलं नाही तर तेल तापत राहायचं, त्यामुळे आमच्याकडच्या कुळथाच्या पिठीला जरा करपट वास असायचा आणि मला अजून तोच खरा वास वाटतो. भाकरी थापण्याचा आवाज चालायचा, कारण तो एकदा सुरू झाला की थांबेपर्यंत सारखाच असतो. कांदा मात्र बुक्कीने फोडायचा नाही, विळीवर चिरायचा. नारळ अंगणात, तीन आकडे मोजून. लपंडाव आम्हाला बंद होता. शेजारच्या कोंबड्याचा त्रास नव्हता, तो वक्तशीर होता.

लोक हसत नसत, कारण पड म्हणजे देवीचा हात अशी समजूत होती. आमचा कोणी पूर्वज म्हणे गडाच्या दरवाजावर पहाऱ्याला उभा होता. समोरून बंदूक सुटली, आवाजासरशी हा आडवा झाला आणि गोळी वरून गेली. मागे उभा होता त्याला ती लागली. त्या मागच्याच्या वंशात ही गोष्ट कशी सांगतात, हे आमच्यात कुणी कधी विचारलं नाही. पण तेव्हापासून शिमग्यात पालखी टेकवायच्या दगडी चौथऱ्याशी, सहाणेशी, उखळी तोफेचा बार उडवतात. त्या आवाजाने घराण्यातला जो वयाने मोठा पुरुष पडेल, त्याच्या अंगणात पालखी पहिली जाते आणि पहिला नारळ त्याचा. बायकांची पड धरत नसत. मुली पड घेऊन दिल्या घरी जातात, असं म्हणायचे. मी खरोखरच घेऊन आले. महाडला सासरी पहिल्या पंगतीत कुणीतरी बुक्कीने कांदा फोडला आणि मी शालूसकट आमटीच्या पातेल्याशेजारी आडवी झाले. तुमच्या आजोबांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं ते तेव्हा.

वडील वारले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि दादा पंधराचा. दादावर कधीच पड आली नव्हती. "येल, घाई काय हाय," असं वडील म्हणायचे. शेजारी आधीच वारलेल्या चुलत्यांचं घर होतं, तिथला अनंता दादाच्याच वर्षाचा, फक्त दोन महिन्यांनी लहान, आणि तो फणस गळला तरी पडायचा. शिमगा महिन्यावर आला. दादा पडला नाही तर पालखी पहिली अनंताच्या अंगणात जाणार आणि आमच्याकडे सगळ्यांत शेवटी, भोई दमल्यावर आणि वाजंत्री झिंगल्यावर. आई त्याला काही बोलली नाही. ती फक्त आठ दिवस आधीपासून अंगण सारवत होती.

एका दुपारी गोठ्यामागे गेले तर दादा पेंढ्याच्या ढिगासमोर उभा. तोंडाने हळूच "धडाम" म्हणायचा आणि पेंढ्यावर पडायचा. मी खाकरले. तो लाल झाला. मग म्हणाला, "सुमे, तुला येते. कशी येते ती सांग की गो."

मी त्याला शिकवलं. माझी पुढची सगळी मास्तरकी तिथे सुरू झाली. रॉकेलच्या डब्यावर मी दगड मारायची, कारण आपणच केलेल्या आवाजाने पड येत नाही, आणि त्याने पडायचं. चुका पाटीवर लिहून ठेवायची. हात पुढे करतो. डोळे मिटतो. आवाजाच्या आधी पडतो. पडून झाल्यावर माझ्याकडे बघतो. शेवटच्या दिवशी पाटी कोरी होती.

सहाणेवर बार झाला तेव्हा मी बायकांत उभी होते, आणि अर्थातच बायकांत आडवी झाले. माझ्या डोळ्यांसमोर कुणाचीतरी टाच आणि जोडवी होती. वरून आवाज आला, "पडला रे, पोरगा पडला!" मी त्याला महिनाभर शिकवलं आणि तो पडलेला मला दिसला नाही. अनंतालाही दिसला नाही, तोही खालीच होता. ही आमच्या पडीची गंमत आहे. खरा पडणारा त्या क्षणी स्वतःच जमिनीवर असतो, त्यामुळे शेजारचा कसा पडला हे सांगू शकणारं माणूस नेमकं उभं नसतं. जे उभे असतात त्यांना फरक कळत नाही.

दादाने हात पुढे केले नव्हते. त्याची हनुवटी दगडावर फुटली. आईने हळद दाबली, हनुवटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि नारळाचे तुकडे करायला घेतले. त्यानंतर साठहून जास्त शिमगे दादा पडत आला. आधी तरुण होता, मग गुडघे गेले, मग मोतीबिंदू झाला, तरी पडत राहिला.

आता अलीकडचं. अनंताच्या नातवाला मुलगी झाली. तिची आई स्नेहल, मुंबईची मुलगी. पाळण्याशी साधी टाळी वाजली की बाळ ताठ व्हायचं आणि निळं पडायचं, श्वासच थांबायचा. आमच्या घरच्या बायकांना यावरचा उपाय पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. बाळाचं डोकं आणि पाय दोन्ही पोटाकडे आणून त्याची घडी घालायची, की अंग सुटतं आणि ते रडू लागतं. अनंताच्या बायकोने स्नेहलला ते शिकवलं. पण स्नेहल म्हणाली, मी झोपले असताना झालं तर घडी कोण घालणार? ती बाळाला घेऊन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेली. तिथल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, औषधाचे थेंब दिले, आणि विचारलं, घराण्यात आणखी कोण पडतं?

ते पाहायला इस्पितळातल्या एक डॉक्टरीणबाई एका रविवारी गावी येणार होत्या. दादाच्या ओटीवर सगळी भावकी जमली. डॉक्टरीणबाई तुमच्याच वयाच्या, पाठीवर सॅक. आल्या त्या पायरीवर खाकरल्या. स्नेहलने शिकवून ठेवलं असावं. दादाने वंशावळीचा कागद पसरला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला.

"यात मुली कुठे आहेत?"

"त्या दिल्या घरी गेल्या," दादा म्हणाला.

"रक्तसुद्धा?"

अनंता हसला. दादा हसला नाही. बाईंनी समजावलं की प्रत्येकाच्या रक्तात त्या शोधणार आहेत, की ज्यांना पड येते त्यांच्यात असं काय सारखं आहे जे इतरांत नाही. ते सापडलं तर पुढचं बाळ जन्मल्याबरोबर त्याला औषध देता येईल, निळं पडायची वाट पाहावी लागणार नाही. मात्र ज्याने त्याने स्वतःचं स्वतः ठरवायचं.

"आमच्यात असं नाय," दादा म्हणाला. "घराचा निर्णय घराचा. आईला कौल लावू."

सगळे देवळात गेलो. कौल असा लावतात: देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पाकळ्या लावायचा मान दादाचा. मी जवळ होते. त्याने उजवी पाकळी चांगली निथळेपर्यंत भिजवली, ती घट्ट बसावी म्हणून. पाण्याच्या वजनाने ती हात काढताच खाली आली. दादा बराच वेळ देवीकडे बघत राहिला. त्याला रक्त द्यायचं नव्हतं, आणि का ते त्या गावात फक्त मला ठाऊक होतं. निदान मी तसं समजत होते.

परत ओटीवर आल्यावर बाईंनी ज्यांच्यावर पड येते त्यांना ओळीने बसवलं. "नाकाच्या शेंड्यावर फक्त टिचकी मारणार आहे," त्या म्हणाल्या. अनंताला मारली, त्याचं डोकं मागे झटकलं, बस्स. मला मारली, माझंही तसंच, चष्मा कपाळावर गेला. आमच्या बाबतीत नाकावर एवढंच होतं, पण दादाला ते कुठून ठाऊक असणार? त्याच्या नाकाला बोट लागलं. तो क्षणभर विचारात पडला. मग खुर्चीसकट मागे गेला. बाईंचं बोट हवेतच राहिलं. शेजारी दादाचा मुलगा विलास बसला होता. त्याने बापाला पाहिलं आणि बोट पोचायच्या आधीच तोही पडला.

अशी मी दादाची पड पहिल्यांदा पाहिली. इतकी मेहनत घेतली होती, पण सावरायला हात बाहेर काढलेच.

बाईंनी दोघांच्या नावापुढे लिहिलं: तीव्र. आणि जाताना म्हणाल्या की पंधरा दिवसांनी रक्त घेऊ, शोध तीव्र माणसांपासूनच सुरू करू. म्हणजे ती हुशार मुलगी जी गोष्ट शोधणार होती, ती मुळात जिथे नव्हतीच तिथून सुरुवात करणार होती. आणि थेंब लागू पडेपर्यंत स्नेहल रात्रंदिवस पाळण्याला हात लावून बसणार.

तीन दिवसांनी विलास महाडला माझ्याकडे आला. औद्योगिक वसाहतीत त्याची पाळी सुटली होती. हेल्मेट मांडीवर घेऊन बसला.

"आत्ये, बोलायचं हाय. मी खोटा पडतो."

"कधीपासून?"

"बाबांनी पयल्यांदा सहाणेवर नेलं तवापासून. ते खाली, मी उभा. म्हटलं, यांना काय वाटंल, माझा पोरगा नाय? म्हणून पडलो. मग पडतच राहिलो."

"कारखान्यात भोंगा होतो तेव्हा?"

"तिथं कोण बघतंय?" तो म्हणाला. "बाबांना सांगू नको. त्यांची खरी हाय, त्यांना लागेल."

शनिवारी दादा एसटीने आला. "सुमे, मी रक्त देत नाय," म्हणाला. "तुला ठाऊक हाय का ते. पण विलासला बोलू नको. त्याची खरी हाय गो. बाप खोटा कळलं तर पोर पालखीखाली मान वर करून उभा कसा राहील?"

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. एकमेकांच्या कोऱ्या पेपरवरून नक्कल करणारे दोन विद्यार्थी मी प्रथमच पाहत होते. पण दोघांनाही शब्द दिला होता. मी दोघांना गुरुवारी जेवायला बोलावलं. म्हटलं, पत्रक इंग्रजीत आहे, मी वाचून मराठीत सांगते, तुम्ही तुमचं भरा.

वालाचं बिरडं केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या. जेवणं झाली. मी उभी राहून पत्रक वाचत होते. दुसऱ्या पानावर प्रश्न होता: अचानक आवाजाने तुम्ही ताठ होऊन पडता का? दादा खिडकीबाहेर बघत होता, विलास पेनाचं टोपण उघडत होता आणि लावत होता. पुढचं वाचलं: कोणतंही कारण न देता तुम्ही केव्हाही नकार देऊ शकता.

"कारण न देता?" दादाने विचारलं. "असं बी असतं?"

तेवढ्यात गॅसवाला आला. नेहमीचा आमच्याकडे आधी खालून हाक मारतो. हा नवीन होता. त्याने सिलिंडर माझ्या दाराबाहेर फरशीवर आपटला.

मी पत्रकासह चटईवर आडवी. गाल चटईला, आणि डोळ्यांसमोर टेबलाखालचे दोन माणसांचे चार पाय. ते दचकून एकदम उभे राहिले होते आणि उभेच होते. अवचित आवाज झाला की खोटं पडायला वेळच मिळत नाही.

मग दादाचा आवाज आला, "तू नाय पडलास?"

"तुम्ही पन उभेच हाव," विलास म्हणाला.

"कुणीतरी मला उठवा," मी म्हणाले, पण त्यांना ऐकू गेलं नाही.

"कधीपासून?" दादाने विचारलं.

"सुरुवातीपासून. आणि तुम्ही?"

"मी बी."

दादा खाली बसला. त्याने हनुवटीवर हात ठेवला, जिथे अजून पांढरा व्रण आहे. "ही मात्र खरी हाय हां," म्हणाला. विलास त्या व्रणाकडे बघत राहिला. त्याने स्वतःच्या कोपराची बाही वर केली. तिथेही एक होता. दादाने चष्मा लावून तो नीट पाहिला, बोट फिरवून पाहिलं, जसा एखादा सोनार पाहील. मग दोघांनी मिळून मला उठवलं.

दोघांनीही त्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं आणि रक्त दिलं. डॉक्टरीणबाईंनी 'तीव्र' खोडलं, काही विचारलं नाही. न पडणाऱ्यांचं रक्तही हवंच असतं, त्या म्हणाल्या, शेजारी ठेवून पाहायला. "म्हंजे आपण लागतो," दादा विलासला म्हणाला.

नावं गुप्त ठेवायची असतात, गावात कुणाला काही कळलं नसतं. पण शिमग्याच्या आधी दादा आपण होऊन अनंताकडे गेला आणि त्याला सगळं सांगितलं. अनंताने तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. "मला काय म्हाईत," तो म्हणाला, "मी खाली असायचो." जरा वेळाने म्हणाला, "पण हनुवटी फुटली ती काय खोटी नाय. पालखी दोन्ही अंगणांच्या मधे टेकवू."

यंदा बार झाला तेव्हा दादा उभा राहिला. मी पडले, त्याने मला उठवलं, पदराची धूळ झटकली. "सुमे," म्हणाला, "लय सरळ पडतेस गो. मी कधी बघितलंच नव्हतं."

हे लिहू का, म्हणून मी त्याला विचारलं. लिही म्हणाला, पण चांगला पडायचो असं लिही. तर, तो चांगला पडायचा.

तुमचं तुम्ही ठरवा. चिन्मय, तू लहानपणी माझ्या मांडीवर दोनदा ताठ झाला होतास आणि मी तुझी घडी घातली होती, हे तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही, आता सांगते. रेवा, तुझं मला ठाऊक नाही. द्यायचं तर द्या, नाही तर नको म्हणा, कारण विचारणार नाहीत. मी दिलं आहे. बाळ आता रांगतं, थेंबांमुळे निळं पडत नाही, आणि स्नेहल झोपते. त्या रक्तात काय आहे ते अजून सापडायचं आहे.

दादाच्या घरात आता खरं पडणारं एकही माणूस नाही. मागच्या आठवड्यात मी तिथे होते. सूनबाई चुलीपाशी म्हणाली, "घालत्ये हां," आणि घराच्या चारही कोपऱ्यांतून "घाल" म्हणून उत्तर आलं. मगच तिने मोहरी टाकली.